वेगळा ठेवलेला कप



या वेळी मधुमेहावर लिहायचे असे मी ठरवले होते. परंतु एका रविवारी सकाळी आलेल्या फोनने विषय बदलला. आपल्याच परिवारातील एक भगिनी बोलत होत्या. त्यांच्या दिराचा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत आला आहे आणि त्यांच्याच घरी राहतो. काही महिन्यांपूर्वी त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले आणि औषधे सुरू झाली. पुढे खोकला जाईना, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण घालून फुफ्फुसातील द्राव तपासणीसाठी पाठवला. अहवाल रुग्णालयाच्या संकेतस्थळावर आला आणि डॉक्टरांशी बोलणे होण्याआधीच घरातल्यांनी तो वाचला. त्या मुलाच्या फुफ्फुसात एका बुरशीचा अंश सापडल्याची नोंद त्यात होती.

"मावशी, त्याच्या फुफ्फुसात बुरशी निघाली आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "घरात लहान मुलगी आहे. म्हणून त्याचा कप आणि ताट मी वेगळे ठेवले आहे. चुकले का हो माझे?"

त्या अहवालातील बुरशी मी प्रयोगशाळेतील नोकरीत तीस वर्षे पाहत आले आहे. त्यामुळे बुरशीविषयीचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. कपाविषयीचे उत्तर देताना मात्र मी क्षणभर थांबले. त्या मुलाच्या संमतीने, आणि त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील वगळून, ती दोन्ही उत्तरे आज इथे मांडते आहे. आपल्या घरांत हा विषय निघत नाही. निघाला तर कुजबुजीतच निघतो.

या बुरशीचे नाव न्यूमोसिस्टिस यिरोव्हेत्सी. विशिष्ट चांदीयुक्त रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की हिरवट पार्श्वभूमीवर तिचे काळे, गोल कोश दिसतात. काही पूर्ण गोल, तर काही पोचा पडलेल्या चेंडूसारखे. पावावर वा ओल्या भिंतीवर येणाऱ्या बुरशीशी तिचे फारसे साम्य नाही. ती मातीत किंवा अन्नावर वाढताना आढळत नाही आणि प्रयोगशाळेच्या नेहमीच्या माध्यमांवरही वाढवता येत नाही. तिचे घर एकच, माणसाचे फुफ्फुस. उंदरांत वा इतर प्राण्यांत आढळतात त्या तिच्या नात्यातल्या निराळ्या जाती. त्या माणसाला होत नाहीत.

तिची ओळख पटायला शास्त्राला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. 1909 साली ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी ती गिनीपिगच्या फुफ्फुसात पाहिली, पण ती दुसऱ्याच एका परजीवीची अवस्था आहे असा त्यांचा समज झाला. 1912 साली पॅरिसमध्ये देलानोए पतिपत्नींनी हा स्वतंत्र जीव असल्याचे दाखवले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित तान्ही मुले एका विचित्र न्यूमोनियाने दगावू लागली. त्यांच्या फुफ्फुसांत हाच जीव असल्याचे चेकोस्लोव्हाकियातील संशोधकांनी दाखवले. त्यांपैकी ओटो यिरोवेत्स यांचे नाव पुढे माणसातील जातीला मिळाले. तरीही तो बुरशीच्या कुळातला आहे हे 1988 साली, जनुकीय तपासणीनंतरच सिद्ध झाले. तोवर त्याला हिवतापाच्या जंतूंसारखा एकपेशीय परजीवी मानले जात असे.

आता त्या भगिनींना बसलेल्या धक्क्याकडे वळू. ही बुरशी हवेतून, श्वासावाटे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणूनच ती जवळजवळ प्रत्येकापर्यंत पोहोचते. बालपणाच्या पहिल्या काही वर्षांतच बहुतेक मुलांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात. म्हणजे मुलांची आणि तिची भेट होऊन गेलेली असते. ज्या चिमुकलीच्या काळजीने कप वेगळा झाला, तिचीही ती बहुधा झालेली असेल किंवा शाळेत, उद्यानात, समाजमंदिरात कुठेतरी होईल; आणि निरोगी मुलीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ताट, पेला, कप, हस्तांदोलन किंवा मिठी हे तिच्या प्रवासाचे मार्ग नाहीत. रुग्णालयात एक खबरदारी सुचवली जाते: हा न्यूमोनिया झालेल्या रुग्णाच्या खोलीत, प्रतिकारशक्ती खालावलेला दुसरा रुग्ण ठेवू नये. तिचा हेतू त्या दुसऱ्या दुर्बल रुग्णाचे रक्षण हा आहे.

अहवालात आणखी एक शब्द होता, जो घरातल्यांच्या नजरेतून निसटला. वैद्यकीय इंग्रजीत त्याला 'कॉलनायझेशन' म्हणतात. आपण त्याला 'वस्ती' म्हणू. बुरशी फुफ्फुसात वस्तीला आहे, पण तिने आजार केलेला नाही. ना ताप, ना धाप, ना क्ष-किरण चित्रात तिचा ठसा. पीसीआर ही तपासणी आल्यापासून हा भेद फार महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी काचपट्टीवर कोश दिसायला बुरशीची संख्या बरीच मोठी असावी लागे. आज तिच्या जनुकीय द्रव्याचे मोजके कणही यंत्र टिपते. त्यामुळे 'सापडली' याचा अर्थ 'आजार झाला' असा होत नाही. रुग्णाची लक्षणे, छातीचे चित्र, रक्तातील प्राणवायू आणि सापडलेल्या अंशाचे प्रमाण हे सारे एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय करतात. या मुलाचा खोकला साध्या जिवाणूंच्या संसर्गाचा निघाला आणि आठवड्याभरात थांबला. बुरशी तिथे होती, पण खोकल्याचा दोष तिचा नव्हता.

अशी वस्ती एचआयव्हीबाधितांतच असते असे नाही. दीर्घकालीन श्वसनविकाराचे रुग्ण, बराच काळ स्टेरॉइड घेणारे, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यातही ती आढळली आहे. एचआयव्हीबाधितांत मात्र तिचे प्रमाण अधिक असते. अमेरिकेतील एका मोठ्या, दीर्घकालीन अभ्यासात सहभागी असलेल्या आणि अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या फुफ्फुसांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये या बुरशीचा अंश मिळाला. त्याच अभ्यासात ज्या गोष्टीशी या वस्तीचा ठळक संबंध दिसला, ती म्हणजे धूम्रपान. शिवाय लक्षणे नसतानाही दीर्घकाळ टिकलेली वस्ती फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद करणाऱ्या विकाराला हातभार लावत असावी, असे संशोधकांना दिसू लागले आहे. फोनवर मी विचारले, "तो सिगारेट ओढतो का?" पलीकडे थोडी शांतता पसरली. "बाल्कनीत जातो कधीकधी. आम्ही काही म्हणत नाही." त्या घरात कप वेगळा झाला होता आणि सिगारेट तशीच राहिली होती.

वस्तीचा आजार केव्हा होतो? आपल्या रक्तात सीडी-4 नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीराच्या संरक्षणाची सूत्रे बव्हंशी त्यांच्या हाती असतात आणि एचआयव्ही नेमका त्यांचाच नाश करतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण 500 किंवा त्याहून अधिक असतात. ही संख्या 200 च्या खाली गेली की बुरशीला आवरणारे कोणी उरत नाही. मग कोरडा खोकला, बारीक ताप आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी धाप सुरू होते. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर चालताना, मग बोलतानाही. एचआयव्हीबाधितांत हे सारे काही आठवड्यांच्या कालावधीत हळूहळू घडते, म्हणून 'थकवा असेल', 'थंडी बाधली असेल' असे म्हणत दिवस ढकलले जातात. भारतात असा रुग्ण दिसला की पहिली शंका क्षयाची येते. ती रास्तही असते, कारण तिथे एचआयव्हीबाधितांत क्षय फार आढळतो. परंतु क्षयाच्या शंकेआड हा न्यूमोनिया लपू शकतो, हे गावाकडील नातेवाइकांनाही ठाऊक असावे.

अमेरिकेत एड्सची पहिली अधिकृत नोंद झाली ती याच बुरशीमुळे. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांचा वृत्तान्त छापून आला. पाचही जण पूर्वी धडधाकट होते, आणि पाचही जणांना हा क्वचित दिसणारा न्यूमोनिया झाला होता. त्यावरील पेंटामिडीन हे औषध त्या काळी त्या केंद्राकडूनच मागवावे लागे. मागण्यांची नोंद ठेवणाऱ्या सँड्रा फोर्ड या कर्मचारी महिलेच्या लक्षात आले की ज्यांना हा आजार व्हायला काही कारण नाही अशा तरुणांसाठी औषध मागवले जात आहे, आणि तिने ते वरिष्ठांना लेखी कळवले. एका साध्या टेबलावर नेकीने ठेवलेल्या नोंदींचे मोल किती असू शकते, याचे हे उदाहरण मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना नेहमी सांगत असे.

पण पुढची गोष्ट अभिमानाची नाही. हा न्यूमोनिया टाळता येतो, हे तेव्हा माहीत होते. 1977 साली मेम्फिस येथे वॉल्टर ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या घेणाऱ्या 80 मुलांपैकी एकालाही हा न्यूमोनिया झाला नाही. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या 80 पैकी 17 मुलांना झाला. हे तेच औषध, जे भारतात 'सेप्ट्रान' म्हणून आणि इथे 'बॅक्ट्रिम' म्हणून मिळते. जुने, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले. 1987 साली मायकेल कॅलन या एड्सग्रस्त गायक-कार्यकर्त्याने सरकारी शास्त्रज्ञांची भेट घेऊन मागणी केली की, हे औषध आधीच द्यावे असे डॉक्टरांना अधिकृतपणे सांगा. एड्सच्या रुग्णांवरील पुरावा अपुरा आहे, असे उत्तर त्याला मिळाले. 1988 साली तोही पुरावा आला: मायामीतील मार्गारेट फिशल यांच्या अभ्यासात गोळ्या चालू असेपर्यंत 30 पैकी एकाही रुग्णाला हा न्यूमोनिया झाला नाही, आणि गोळ्या न घेणाऱ्या 30 पैकी 16 जणांना झाला. केंद्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या 1989 साली. मेम्फिसच्या त्या निष्कर्षानंतर बारा वर्षांनी! त्या मधल्या काळात किती तरुण धापा टाकत गेले असतील, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो. ज्यांच्याकडे समाज पाहू इच्छित नव्हता, त्यांच्यापर्यंत एक स्वस्त गोळी पोहोचायला एवढा वेळ लागला.

आज परिस्थिती निराळी आहे. 1996 पासून एचआयव्हीवर परिणामकारक संयुक्त औषधोपचार उपलब्ध झाले. सीडी-4 पेशी 200 च्या खाली असतील तर कोट्रायमोक्साझोलची प्रतिबंधक गोळी दिली जाते. एचआयव्हीच्या औषधांनी संख्या 200 च्या वर जाऊन तीन महिने टिकली की ती सामान्यतः थांबवता येते. नेहमीची बुरशीनाशके इथे उपयोगी पडत नाहीत, कारण ती ज्या घटकावर घाव घालतात तो या बुरशीच्या आवरणात नसतो. म्हणून घरातील जुन्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी पर्याय आहेत. त्यांपैकी डॅप्सोन सुरू करण्यापूर्वी जी-6-पीडी या विकराची तपासणी करून घ्यावी. भारतीय वंशाच्या काही समूहांत त्याची कमतरता आढळते आणि अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटू शकतात. आणि धाप वाढू लागली, जिना चढणे जड वाटू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळेवर आलेला रुग्ण साधारण तीन आठवड्यांच्या उपचाराने बरा होतो. उशिरा आलेल्याविषयी अशी हमी देता येत नाही.

या मुलाच्या सीडी-4 पेशी अद्याप 200 च्या खाली आहेत, तरी चढत आहेत. न्यूमोनियाचे उपचार त्याला लागले नाहीत. प्रतिबंधक गोळी मात्र रोज घ्यायची आहे. पण निदानाच्या वेळी ही संख्या एवढी खाली का गेली होती? त्याने स्वतःच मला सांगितले. शंका दोन वर्षांपूर्वीच आली होती. तपासणी केली नाही. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर व्हिसा जाईल, परत पाठवतील, असे वाटले." या भीतीला एके काळी आधार होता. 1987 पासून एचआयव्हीबाधित परदेशी व्यक्तींना या देशात प्रवेश नाकारला जात असे आणि 1993 साली तर तो कायदाच झाला. परंतु 4 जानेवारी 2010 पासून ही बंदी उठली असून स्थलांतरितांच्या वैद्यकीय तपासणीतून एचआयव्हीची चाचणीही वगळली गेली आहे. एवढी माहिती त्याला कोणी दिली असती तर दोन वर्षे वाया गेली नसती. म्हणून हा परिच्छेद आपल्या घरातील प्रत्येक विद्यार्थ्याला वाचून दाखवावा, ही विनंती. कमी उत्पन्न असलेल्यांच्या उपचारांसाठी इथे जो केंद्रीय कार्यक्रम आहे, त्याला रायन व्हाइट या मुलाचे नाव दिलेले आहे.

त्या नावामागची कथा आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. इंडियाना राज्यातील कोकोमो गावाजवळचा हा मुलगा. त्याला हिमोफिलियासाठी रक्तातून काढलेले औषध घ्यावे लागे. त्यातून एचआयव्ही त्याच्या शरीरात आला. डिसेंबर 1984 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, न्यूमोनियासाठी फुफ्फुसाची तपासणी होताना त्याला एड्स असल्याचे कळले. शाळेने प्रवेश नाकारला. मोठ्या न्यायालयीन लढ्यानंतर तो परतला, तेव्हा त्याच्यासाठी अटी होत्या: जेवायला टाकाऊ ताटल्या-चमचे आणि स्वच्छतागृह वेगळे. एप्रिल 1990 मध्ये, अठरा वर्षांचा असताना तो गेला. त्याच वर्षी त्याच्या नावाचा कायदा झाला.

शाळेत वेगळे भांडे! साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नसलेल्या विद्यार्थ्याची कहाणी आपल्या घरातील प्रत्येक मुलाला पाठ असते. दोन्ही ठिकाणी निमित्ते वेगळी होती. पण मागचा विचार एकच: स्पर्श झाला की दोष लागतो. विटाळाच्या या कल्पनेला कधीच पुरावा लागला नाही, आणि पुराव्याने ती सहजी गेलीही नाही. आपण समुद्र ओलांडून आलो, तरी ती आपल्याही स्वयंपाकघरात 'खबरदारी' हे नाव घेऊन शिरू शकते. फोनवर मी क्षणभर थांबले ते यासाठीच. त्या भगिनी दुष्ट नाहीत. त्या घाबरलेल्या होत्या. त्यांना रागावून काहीच साधले नसते.

आणि हेही खरे की आपण या विषयावर बोलतच नाही, म्हणून माणसे घाबरतात. 1934 साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी मासिकातून उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. खटला हरला, पण माणसाला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि शास्त्रीय उत्तर मिळवण्याचा अधिकार आहे, ही बाजू बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी उघडपणे मांडली. त्यांची जयंती दरवर्षी थाटाने साजरी करणाऱ्या आपल्या मंडळांत एचआयव्हीवर एक तासाचे व्याख्यान व्हायला काय हरकत आहे? नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होतो आणि तसाच राहतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही, हे युरोपातील मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

त्या रविवारी मी त्या भगिनींना इतकेच सांगितले: "कप पुन्हा सगळ्यांच्या कपांत ठेवा. त्याची गोळी रोज चुकत नाही ना, हे पाहा. सिगारेटविषयी बोला, पण प्रेमाने. जिना चढताना धाप लागली तर मला फोन न करता थेट डॉक्टरांना करा."

दोन आठवड्यांनी त्या घरी गेले होते. चहा झाला. ट्रेमध्ये पाच कप होते, सगळे एकाच संचातले. त्या चिमुकलीने दादाच्या बशीतले बिस्किट उचलून खाल्ले आणि कोणीही काही म्हटले नाही. मुलगा मला सोडायला खालपर्यंत आला. जिन्यावर मी मुद्दाम त्याच्या श्वासाकडे लक्ष दिले. तो सहज बोलत उतरत होता. सिगारेट अजून सुटलेली नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पुढच्या तपासणीपर्यंत प्रयत्न करतो म्हणाला.

मधुमेहावर पुढच्या अंकात.

जय भीम.